खालच्या रांगेतल्या चाव्या

रिकाम्या खोलीच्या मधोमध तो सरळ फरशीवर आडवा झाला. खाली ना सतरंजी, ना वर्तमानपत्राचा कागद. हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. चाव्यांचा जुडगा घेऊन दाराशी उभी असलेली ती आ वासून बघत राहिली. घर बघायला येणारी माणसं काय काय करतात, हे काकांनी तिला पढवून ठेवलं होतं. नळ सोडून बघतात, भिंतीवर टकटक करतात, ओट्याला नावं ठेवतात. झोपतात, असं काही ते म्हणाले नव्हते.

"अहो... बरं वाटत नाहीये का?"

"श्श..." डोळे न उघडताच त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

आता हिला गप्प बसवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. बोलायला लागल्यापासून तिच्या तोंडात 'का' होता, म्हणून घरात तिचं नावच 'चौकशी' पडलं होतं. पण त्या बोटात काय होतं कोण जाणे, ती खरंच गप्प राहिली. खोलीत नुसती दुपार होती आणि त्याचा संथ श्वास. मग खालून घुर्र करून पाण्याचा पंप सुरू झाला आणि त्यानं डोळे उघडले.

"नाही जमणार," तो उठत म्हणाला. इतक्या प्रसन्नपणे, की घर पसंत पडलंय असंच वाटावं.

"का? उजेड आहे, वारा आहे—"

"खाली पंप आहे."

"तो उभं राहूनही ऐकू येतो की! झोपलात कशाला?"

तो हसला. डाव्या भुवईत काहीतरी पांढरं अडकलं होतं, पावडरीसारखं. "ते ना... चांगलं घर दाखवलंत की सांगेन."

आणि जिना उतरून गेलासुद्धा. ती इतकी विचारात पडली, की कुलूप लावायचंच राहिलं आणि कोपऱ्यावरून परत यावं लागलं.

खरं तर त्या दिवशी तिनं जायचंच नव्हतं. आत्याचं भाड्याची घरं लावून द्यायचं ऑफिस होतं. आत्या खुर्चीत बसून मालक आणि भाडेकरू जुळवायची, काका चाव्या घेऊन जिने चढायचे. पण काकांच्या गुडघ्यानं ऐन वेळी संप पुकारला, आणि आत्यानं नुकत्याच हाताखाली घेतलेल्या भाचीला पिटाळलं.

आत्याच्या खुर्चीमागे एक लाकडी फळी होती आणि तिच्यावर हुकांच्या दोन रांगा. वरच्या रांगेत चांगल्या घरांच्या चाव्या. खालच्या रांगेत ओल आलेल्या, पंपावरच्या, गोदामाला चिकटलेल्या घरांच्या, म्हणजे वर्षानुवर्षं कुणी ढुंकून न पाहिलेल्या घरांच्या.

"हल्ली राहता कुठे?" आत्यानं त्याला गोड आवाजात विचारलं, तेव्हा तिचा हात वरच्या रांगेतल्या एका चावीवर होता.

"पुलापलीकडे."

आत्याचं हसू होतं तसंच राहिलं. हात तेवढा खालच्या रांगेवर आला.

चौकशीच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी चहा पिताना तिनं विचारलं, "आत्या, नसेल द्यायचं तर सरळ 'नाही' का म्हणत नाहीस?"

"वेडी आहेस का? नाही म्हटलं की माणूस भांडतो, चार ठिकाणी बोंब मारतो. नाही म्हणायचंच नाही. फिरवायचं. आज हे दाखव, पुढच्या आठवड्यात ते दाखव. चपला झिजल्या की आपणच यायचा बंद होतो. सापही मरतो आणि काठीही मोडत नाही."

"पण त्यानं केलंय काय?"

"त्यानं काही नाही गं. पण पुलापलीकडची माणसं..." आत्यानं हातातला पाव हवेत फिरवला. "बोलतात की खेकसतात तेच कळत नाही. रात्र रात्र घराबाहेर. हातही साफ नाहीत म्हणे. मालकांनाच नको असतात, आपण कोण सांगणार?" मग तिनं पाव चहात बुडवला, तोंडात घातला आणि कडू तोंड केलं. "हल्ली मेले पाव पण रोज करपवतात!"

ऑफिसात हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर खोडता तरी आला असता. चौकशीला तो पटला नाही, पण नोकरी नवी, त्यात आत्याची. ती गप्प बसली. आणि खरं सांगायचं तर तिच्या डोक्यात पुलापलीकडच्या सगळ्या माणसांपेक्षा एकच प्रश्न जास्त भुणभुणत होता. तो झोपला का?

तो दर शनिवारी दुपारी यायचा. आत्या खालच्या रांगेतली चावी काढून द्यायची, आणि दोघं निघायची. दुसऱ्या घराच्या माळ्यावर कबुतरांनी संसार थाटला होता. तिथंही तो आडवा झाला.

"पाठ दुखते?" तिनं दारातून अंदाज बांधला.

"नाही."

"छत गळतंय का ते बघता?"

"नाही. पण आता दिसतंय खरं... गळतं."

"योगासनं?"

"चौकशीबाई," तो डोळे मिटूनच म्हणाला, "लहानपणी तुम्ही आईला फार छळलं असेल."

"तिनं मला आत्याकडे पाठवलं, यावरून काय ते ओळखा! पण हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या आत्यांनी. ऑफिसातून हाक मारतात ना... रस्त्याच्या पलीकडे ऐकू येते."

तिसऱ्या घराला जाताना पावसाची भुरभुर लागली. छत्री तिची, उंची त्याची, म्हणून छत्री त्यानं धरली. तिच्या खांद्यावर थेंब पडला नाही; त्याची अर्धी बाही मात्र ओलीचिंब. छत्रीखाली जागा ती केवढीशी! आणि त्या जागेत एक वास होता. ऊबदार, किंचित आंबूस, लहानपणापासून ओळखीचा... पण कुठला ते आठवेना.

"तुमच्या अंगाला कसला तरी छान वास येतो," ती बोलून गेली आणि मग जीभ चावली.

"कसला?"

"सकाळचा..."

त्याचे कान लाल झाले. पुढचा सगळा रस्ता तो छत्रीच्या काड्या मोजल्यासारखा वर बघत चालला आणि एकदा खांबावर आपटता आपटता वाचला.

उत्तर मिळालं ते चौथ्या घरात. घर गोदामाला लागून होतं. तो फरशीवर पडला होता, ती खिडकीच्या कट्ट्यावर बसून पाय हलवत होती. एव्हाना दोघांच्या जागा ठरल्यासारख्याच झाल्या होत्या.

"आज सकाळी काय खाल्लंत?" त्यानं अचानक विचारलं.

"चहा आणि पाव. का?"

"कसा होता?"

"खालून करपलेला! आत्या तर म्हणत होती, त्या पाववाल्याला एकदा—"

"माफ करा," तो म्हणाला. "भट्टीसमोर डुलकी लागली."

तिचे हलणारे पाय थांबले. भुवईतलं ते पांढरं... ते पीठ! आणि तो वास... "अय्या! तुम्ही पाववाले?"

"चौकातल्या भट्टीवर. गाव झोपतं तेव्हा आम्ही जागतो, गाव उठलं की आम्ही झोपायचं. पण माझ्या खोलीखाली पत्रे ठोकणारे बसतात. दिवसभर ठणठण. डोळ्याला डोळा लागत नाही." तो कुशीवर वळला आणि पहिल्यांदाच नीट तिच्याकडे बघत म्हणाला, "म्हणून आडवा होतो. घर दिसतं कसं हे मला काय करायचंय? मी घरात असेन तेव्हा डोळे मिटलेलेच असणार."

ती खळखळून हसली. रात्र रात्र घराबाहेर असतात ते यासाठी होय! आत्याच्या चहात बुडणारा पाव हा मळतो, आणि हा रात्री जागतो म्हणून आत्याला तो नको. त्याच्या हातचं चालतं, त्याचा शेजार चालत नाही.

तेवढ्यात गोदामात पोती धाडकन पडली आणि तो उठला. "नाही जमणार."

आणि त्या क्षणी तिला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, चांगला आनंद झाला. घर पसंत नाही, म्हणजे पुढचा शनिवार नक्की. अख्ख्या जगाला 'का' विचारणाऱ्या मुलीनं हा एक 'का' स्वतःला विचारला नाही.

पुढच्या शनिवारी तो आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती.

"हे काय?"

"काही नाही हो. भट्टीच्या दाराला टेकून जरा झोप काढली." तो हसत म्हणाला, पण डोळे खोल गेले होते. "चला, आज कुठलं?"

आत्यानं चावी तिच्या हातात ठेवली. लाकडं कापायच्या गिरणीला लागून असलेलं घर होतं ते. वाटेत ती एक शब्द बोलली नाही, तेव्हाच त्याला शंका यायला हवी होती. घराच्या जिन्याशी पोचल्यावर ती वर चढेचना. खालच्या पायरीवर बसली. भिंतीपलीकडे करवत किंचाळत होती.

"वर जायला नको," ती म्हणाली. "तुम्हाला मी जी घरं दाखवली... ती दाखवण्यासाठी नव्हतीच. दमवण्यासाठी होती. पुलापलीकडचं कुणी आलं की आत्या खालच्या रांगेतल्या चाव्या देते. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

तो तिच्या शेजारी, एक पायरी सोडून, टेकला. "मलाही."

"काय?"

"माझ्या ताईला असंच फिरवलं होतं. तिनं शेवटी नाद सोडला. आई मला म्हणाली होती, जाऊ नकोस, ती माणसं नाही म्हणत नाहीत, चपला झिजवतात."

"मग... येत का होतात?"

"आधी वाटलं, बघू तरी किती घरं दाखवतात. चुकून एखादं बरं निघेल." त्यानं पट्टीचं सुटलेलं टोक खोचलं. "मग एक मुलगी दारात उभी राहून माझ्या झोपण्याची कारणं शोधायला लागली. अख्ख्या आठवड्यात तेवढा एक तास माझ्या डोक्यातली ठणठण थांबायची."

हे ऐकायला ती कितीतरी दिवस आसुसली होती, आणि आता ऐकवत नव्हतं. "अजून एक सांगायचंय," ती म्हणाली. "तुम्ही नाही जमणार म्हणालात की मला बरं वाटायचं. पुढच्या शनिवारी याल म्हणून. तुमचा हात... तो थोडा माझ्यामुळेपण भाजलाय."

करवत थांबली, पुन्हा सुरू झाली.

"तुमच्याबरोबर चालणं मला आवडलं," तो शेवटी म्हणाला. "पण मी चालायला आलो नव्हतो. मला घर हवं होतं. कुणाच्या कृपेनं नको, गमतीनं नको. इतरांना मिळतं तसं, भाडं भरून." तो उठला. "तुम्हाला ते शनिवार होते. मला त्या हुकलेल्या झोपा होत्या."

त्यानंतरच्या शनिवारी तो आला नाही. पाव मात्र रोज येत होता, आणि रोज खालून काळा.

चौकशी दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी तिला स्वतःचाच राग आला. रडायला कुणी सांगितलं होतं? तिचं काम विचारायचं होतं. 'मालकांनाच नको असतात,' असं आत्या म्हणाली होती. कुठल्या मालकांना? तिनं वरच्या रांगेतली एक चावी काढून आपल्या जुडग्यात अडकवली. मागच्या गल्लीतल्या घराची वरची खोली. खिडकीखाली परसबाग, शेजारी ना कारखाना, ना गोदाम. मालकीण पुढच्या भागात राहायची. जन्मभर इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेली नर्सबाई.

"पुलापलीकडचा?" नर्सबाईंनी चष्मा पुसला. "मला काय हो! मी सगळ्यांचीच सेवा केली आयुष्यभर. पण त्या खोलीच्या खाली पोस्टमास्तर राहतात ना, त्यांना नाही चालायचं."

चौकशी तशीच मागच्या बाजूला गेली. निवृत्त पोस्टमास्तर कानामागे हात धरून ऐकत होते. "मला? अहो, मला वरती बँड वाजवला तरी कळायचं नाही! मालकीणबाईच फार कडक. आणि तुमचं ऑफिसच सांगतं ना, त्या लोकांना घेतलं की घराचा भाव पडतो?"

ती ऑफिसात आली. "आत्या, मालक म्हणतात ऑफिस सांगतं."

"आम्ही कशाला सांगू? मालकच म्हणतात!"

ती पुन्हा नर्सबाईंच्या दारात. आता बाई वैतागल्या. "अगं मुली, प्रश्न माझा नाही. चार लोक काय म्हणतील?"

"कोण चार? तुम्ही म्हणता पोस्टमास्तर. ते म्हणतात तुम्ही आणि ऑफिस. आत्या म्हणते मालक. हे तीनच झाले. चौथं कोण?"

नर्सबाई तिच्या हातातल्या जुडग्याकडे बघत होत्या. चौकशीनंही खाली बघितलं. इतके शनिवार त्या चाव्या तिच्याच हातात होत्या. चौथं माणूस शोधायला लांब जायची गरज नव्हती.

ती दारातच टेकली. नर्सबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"खरं सांगू?" बाई हळू म्हणाल्या. "भीती वाटते मला. कशाची, ते माहीत नाही. तिकडचे कितीतरी पेशंट या हातांनी बरे केले. कुणी कधी वावगं वागलं नाही. तरी घर म्हटलं की... छातीत धस्स होतं. लहानपणापासून ऐकत आले ना."

"मीही ऐकत आलेय."

"मग तू काय केलंस त्या भीतीचं?"

चौकशीनं विचार केला. "मी तिच्याबरोबर चालत गेले... आणि ती पाव भाजते असं निघालं."

नर्सबाई फिसकन हसल्या. "घेऊन ये त्याला. बघते कसा आहे तो."

"बघा की. पण इतर भाडेकरूंना बघता तेवढंच. जास्त नाही."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग मान हलवली. "बरं. तेवढंच."

पूल ओलांडायला काही फार वेळ लागत नाही. तरी तिनं जन्मात तो ओलांडला नव्हता. अर्ध्यावर गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण पर्स छातीशी घट्ट आवळून धरलीय. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिनं पर्स खांद्यावर सोडून दिली आणि हात मोकळे ठेवून चालली.

पलीकडे दोऱ्यांवर तसेच कपडे वाळत होते, तशाच बायका नळावर बोलत होत्या. पण आवाज! पत्र्यांवर हातोडे पडत होते, ठण ठण ठण, आणि त्यावर ताण करून सगळी गल्ली ओरडत होती. भट्टीवर विचारून घेतलेल्या पत्त्यावरचं दार तिनं वाजवलं. एका बाईंनी उघडलं आणि तिच्या अंगावरच ओरडल्या, "कोण पाहिजे?"

ती दचकली. "मी—"

"काय?"

"मी ऑफिसातून आलेय!" चौकशीनं बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं. आणि ओरडता ओरडताच तिच्या डोक्यात प्रकाश पडला. इथं हळू बोलणार कसं माणूस? पुलाअलीकडे सगळे म्हणतात, ती माणसं खेकसतात. ती स्वतःही इथं आल्या आल्या खेकसायला लागली होती!

बाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं. "चपला झिजवणाऱ्या त्या तुम्हीच का?"

"हो!"

"आणि छत्रीवाल्या?"

"...हो! त्याही मीच!"

"मग या आत! अर्ध्या शिव्या खायला, अर्धा चहा प्यायला!"

तो आतून बाहेर आला. डोळे लाल, केस विस्कटलेले. तिला बघून जागच्या जागी थांबला.

"तुम्ही शनिवारी का आला नाहीत?" ती ओरडली, आणि नेमके त्याच क्षणी हातोडे थांबले. तिचा प्रश्न गल्लीच्या टोकापर्यंत गेला. नळावरच्या बायका वळल्या. समोरच्या खिडकीत दोन डोकी उगवली.

"सांग की आता," त्याची आई म्हणाली. "सगळे वाट बघताहेत."

तो लाजला. मग त्याची नजर तिच्या हाताकडे गेली. "ते काय आणलंत?"

"वरच्या रांगेतली चावी."

"एकच?" त्याचा आवाज शांत होता, पण मऊ नव्हता. "या गल्लीत घर शोधणारा मी एकटा नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून निघताना, आत्या जेवायला उठली तेव्हा, फळीवरच्या सगळ्या चाव्या काढून मिसळून टाकल्या. वरची रांग कुठली, खालची कुठली, आता आत्यालाही सांगता यायचं नाही."

हातोडे पुन्हा सुरू झाले. तो काहीतरी म्हणाला, ते तिला ऐकू आलं नाही. पण तो चपला घालत होता.

नर्सबाईंनी त्याला बघितलं, इतरांना बघतात तेवढंच. हाताच्या पट्टीवर मात्र दोनदा नजर गेली. ती जुनी सवय. "माझी हरकत नाही. वर जाऊन बघा," एवढंच म्हणाल्या.

खोलीत उतरतं ऊन होतं. खिडकीखाली बागेत पानं हलत होती, बाकी काही नाही. तो नेहमीसारखा मधोमध आडवा झाला. ती नेहमीसारखी खिडकीच्या कट्ट्यावर बसली. ठणठणाटातून आल्यावर ही शांतता कानांना जवळजवळ टोचत होती. आता हळू बोलता येणार होतं.

"मला काही सांगायचंय," ती बाहेर बघत म्हणाली. समोर बघून सांगण्याची हिंमत नव्हती. "तुम्हाला हे घर पसंत पडलं तर... तर शनिवारचं कारण संपेल. आणि मला ते चालेल. म्हणजे... चालणार नाही, पण तुम्हाला झोप मिळेल ना. मी पुष्कळ विचार केला. मी सगळ्यांना का, का म्हणून विचारते, पण मला बरं का वाटायचं, हे मी कधी... तर त्याचं उत्तर मला सापडलंय. उत्तर असं, की... मला तुम्ही..."

ती थांबली. त्यानं काहीतरी म्हणावं म्हणून. तिनं वळून बघितलं.

तो झोपला होता. खरोखरचा, गाढ. ओठ किंचित उघडे, पट्टीचा हात पोटावर, भुवईत पीठ.

तिला हसू आलं, रडू आलं, आणि जुडगा वाजू नये म्हणून तिनं चाव्या मुठीत गच्च धरल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. जिन्यावर चपलांचा फटफट आवाज आला, आणि दारात धापा टाकत आत्या उभी राहिली. "सगळ्या चाव्या कुणी मिसळ—"

"श्श!" चौकशीनं ओठांवर बोट ठेवलं.

आत्यानं खाली बघितलं आणि आवाज आपोआप उतरला. "हा कोण इथं झोपलाय?"

"रोज चहात बुडवतेस ना... तो."

"पाववाला? करपवतो तो हाच?"

"झोपायला शांत जागाच मिळत नाही त्याला. आपण देत नव्हतो."

आत्यानं पट्टीकडे पाहिलं. मग कुजबुजत्या रागानं म्हणाली, "आणि आता तिकडे ऑफिसात एक जोडपं येऊन बसलंय. पुलापलीकडचंच. कुठली चावी देऊ मी त्यांना?"

"हाताला येईल ती."

"मालक विचारतील."

"विचारू देत. मालकीणबाईंनी इथं हो म्हटलंय. चार लोक मी शोधून आले, आत्या. आपल्याच घरातले निघाले."

आत्याचं मन तिथल्या तिथं पालटलं, असं काही नाही. तिचा चेहरा चांगला फुगलेलाच होता. "घरी ये, मग बघते तुझ्याकडे," असं ती म्हणाली. पण मग झोपलेल्या माणसाकडे पुन्हा एकदा बघितलं, वाकून पायातल्या चपला काढल्या आणि हातात घेऊन अनवाणीच जिना उतरली. एक पायरी वाजली नाही.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा त्यानं डोळे उघडले. क्षणभर त्याला कळेना आपण कुठे आहोत. मग कट्ट्यावर ती दिसली.

"मी झोपलो होतो?"

"चांगले घोरत होतात."

"म्हणजे जमणार हे घर." तो उठून बसला, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि एकदम ओशाळला. "तुम्ही काहीतरी सांगत होतात... कुठपर्यंत आल्या होतात?"

"शनिवारपर्यंत."

"काय शनिवारचं?"

"आता घर मिळालं. म्हणजे शनिवारी तुम्ही ऑफिसात येणार नाही."

"नाही येणार," तो म्हणाला. "भरपूर फिरलो मी. आता तुमच्या चपला झिजू देत. दर शनिवारी दुपारी, माझी झोप झाली की. चौकशीला."

"कसली चौकशी?"

"पाव करपला का, याची." तो थांबला. मग हसणं बाजूला ठेवून म्हणाला, "आणि मघाचं वाक्य अर्धं राहिलं. ते आता सांगा. मी जागा आहे."

तिनं मूठ उघडली. चाव्यांचे लाल वळ हातावर उमटले होते. त्यातली एक चावी काढून तिनं त्याच्या पुढ्यात फरशीवर ठेवली, आणि त्याच्या डोळ्यांत बघून ते वाक्य पुरं सांगितलं. हळू आवाजात. त्या वाक्यात एकही प्रश्न नव्हता.